झाकण बंद दिसतं म्हणून

मार्च २०१५. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, पुलास्की काउंटी नावाच्या ग्रामीण भागात, पाच वर्षांचा एक मुलगा घरातून दिसेनासा झाल्याची तक्रार रविवारी आली. पोलिस आले, स्वयंसेवक जमले, परिसर पिंजून काढला गेला. गुरुवारी मुलाचा मृतदेह मिळाला, तो घराजवळच्याच सेप्टिक टँकमध्ये.

दारातली टाकी चार दिवस कशी राहून गेली, हा प्रश्न कुणालाही पडेल. तो विचारण्याआधी आपल्या घराची टाकी नेमकी कुठे आहे, तिला झाकणं किती आणि ती शेवटची कधी उघडली, हे जरा आठवून बघा. बंगल्यात, रो-हाउसमध्ये किंवा गावाकडच्या घरात राहणाऱ्या बऱ्याच जणांचं उत्तर ‘मागच्या बाजूला असेल कुठेतरी’ याच्या पुढे जात नाही. टाकी बांधली वडिलांनी नाहीतर बिल्डरने. वर फरशी बसली, फरशीवर कुंड्या आल्या, मोटरसायकल उभी राहू लागली. संडास तुंबेपर्यंत तिची आठवण निघायचं कारणच नसतं.

लहान मूल हरवतं तेव्हा हे विसरणं महागात पडतं. टाकीत मूल पडतं कसं, पडल्यावर दिसत का नाही, आणि शोधणारे तिच्यावरून चालत पुढे का जातात, हे कळायला आधी टाकी आतून समजून घ्यावी लागते.

आत काय असतं

संडासातून येणारं सगळं या टाकीत येऊन थबकतं. जड भाग तळाशी बसतो, तो गाळ. तेलकट, हलका भाग वर येऊन थर धरतो. मधे गढूळ पाणी राहतं. दुसऱ्या टोकाला, वरच्या अंगाला, बाहेर जाणारा पाइप असतो. आत जेवढं पाणी येईल तेवढं तिकडून शोषखड्ड्यात किंवा गटारात निघून जातं. हवेशिवाय जगणारे जिवाणू मैल्याचा काही भाग पचवतात आणि त्यातून वायू सुटतात.

आपण ‘टाकी भरली’ म्हणतो तेव्हा ती गाळाने भरलेली असते. पाण्याने ती वापर सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत भरते आणि पुढे कायम भरलेलीच असते. गाळ उपसून घेतला, तरी काही दिवसांत पाणी पुन्हा बाहेरच्या पाइपाच्या पातळीला येतं. आयएस २४७० या भारतीय मानकाप्रमाणे घरगुती टाकीत पाण्याची खोली किमान १ मीटर, रुंदी किमान ७५ सेंटिमीटर आणि क्षमता किमान १,००० लिटर हवी. पाण्याच्या वर, छताखाली, सुमारे ३० सेंटिमीटर मोकळी जागा सोडायची. आता जागतिक आरोग्य संघटनेचा वाढीचा तक्ता काढा. तीन वर्षांच्या मुलाची मध्यम उंची ९६ सेंटिमीटर, मुलीची ९५. म्हणजे नियमात बसणाऱ्या सगळ्यात उथळ टाकीतसुद्धा तीन वर्षांचं मूल बुडतं. एरवी टाक्या याहून खोलच असतात. भिंती आतून सिमेंटच्या गिलाव्याने गुळगुळीत केलेल्या आणि वर्षानुवर्षांच्या बुळबुळीत थराने माखलेल्या असतात. धरायला काही नसतं, आणि ज्यातून पडलं ते तोंड डोक्याच्या वर राहतं.

वरच्या थराने आणखी घोटाळा होतो. दुधावरची साय जशी जाड, घट्ट दिसते, पण चमचा टेकवला की फाटते आणि चमचा गेल्यावर पुन्हा सरकून मिटते, तसा हा थर. काही टाक्यांत तो वीतभर जाड होतो, वरून सुकतो आणि टॉर्चच्या उजेडात चक्क जमिनीसारखा दिसतो. मूल पडल्यावर तो फाटतो आणि पुन्हा मिटतो. झाकण उघडून डोकावणाऱ्याला ‘आत काही नाही’ असं वाटतं, कारण त्याला फक्त थर दिसलेला असतो.

वायूंमध्ये मुख्य तीन. मिथेन हवेपेक्षा हलका आणि ज्वलनशील. कार्बन डायऑक्साइड जड. तिसरा हायड्रोजन सल्फाइड, कुजक्या अंड्याच्या वासाचा, तोही हवेपेक्षा जड आणि अत्यंत विषारी. वास आला तर आपण सावध होऊ, या भरवशावर राहू नये. हवेच्या दहा लाख भागांत याचे शंभरेक भाग झाले की काही मिनिटांत नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. सातशे ते हजार भागांपर्यंत गेला, तर माणूस श्वासा-दोन श्वासांत कोसळतो. स्थिर टाकीत तो एवढा नसेलही, पण गाळ ढवळला गेला की अडकून राहिलेला वायू एकदम सुटतो. पडलेलं मूल हातपाय मारतं तेव्हा गाळ ढवळलाच जातो. त्यामुळे ओरडायला फार वेळ मिळत नाही, आणि मिळाला तरी सिमेंटच्या छताखालचा आवाज चार पावलांवर ऐकू येत नाही.

झाकणावर सगळं येऊन ठेपतं

दोन फूट बाय दीड फूट, दोन इंच जाडीचं सिमेंटचं झाकण तीस-बत्तीस किलोच्या आसपास भरतं. तीन वर्षांच्या मुलाचं वजन साधारण १४ किलो. ते मूल हे झाकण उचलू शकत नाही, आणि जागेवर नीट बसलेलं झाकण त्याच्या वजनाने मोडतही नाही. शोधणारा माणूस मनातल्या मनात हाच हिशेब करतो आणि पुढे जातो. झाकण बंद आहे, म्हणजे मूल आत नाही.

इथेच चूक होते. किती टाक्यांना असं झाकण असतं? पाहणी करायला लांब जायला नको. कोकणात किंवा देशावर कुठल्याही गावात घरामागे फिरावं. एका टाकीवर शहाबादी फरशी टाकलेली असते, तीही एका बाजूने चार बोटं सरकलेली. दुसरीवर पत्रा, उडू नये म्हणून वर दगड. तिसरीला सिमेंटचं झाकण असतं, पण त्याची लोखंडी कडी गंजून गळालेली. मागच्या वेळी पहार घालून उचकटलेल्या कडेचा टवका उडालेला असतो आणि तिथे वाळकी पानं साठलेली असतात. नव्या टाक्यांवर प्लास्टिकची गोल झाकणं येतात. हलकी, सुबक, आणि स्क्रू हरवले की कुणाच्याही पायाने सरकणारी. लोखंडी झाकण असलं तर ते भंगारवाल्याकडे जाण्याची शक्यता जमेस धरावी.

सरकलेल्या फरशीचं एक टोक टाकीच्या तोंडावर अधांतरी असतं. मूल त्या टोकावर उभं राहिलं की ते खाली झुकतं आणि दुसरं टोक वर उचललं जातं. मूल घसरून आत जातं, वजन सुटलं की फरशी आपल्या भाराने परत आडवी होते. काठावर नीट न बसलेलं प्लास्टिकचं झाकणही असंच कलंडून पुन्हा बसू शकतं. बाहेरून बघणाऱ्याला झाकण बंद दिसतं, आणि कुणी लावलेलं नसतानाही ते खरोखर बंद असतं.

फट तरी किती मोठी लागते? खेळाच्या मैदानावरच्या साधनांसाठी अमेरिकेत जे सुरक्षा-नियम आहेत, त्यांत साडेतीन ते नऊ इंचांमधली कुठलीही फट धोक्याची धरतात. साडेतीन इंचांतून लहान मुलाचं अंग जाऊ शकतं आणि डोकं अडकतं. नऊ इंचांच्या वर डोकंही जातं. नऊ इंच म्हणजे आपली एक वीत.

सिमेंटचं झाकण आतून सडतं तेही सांगायला हवं. हायड्रोजन सल्फाइड ओलसर छताला चिकटतो, तिथले जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात, आणि ते आम्ल झाकणाची खालची बाजू खात राहतं. आतल्या सळ्या गंजून फुगतात, खपल्या पडतात. वरून बघाल तर झाकण ठणठणीत. अशा झाकणावरून चालताना मुलापेक्षा मोठ्या माणसालाच जास्त भीती असते, कारण वजन त्याचं जास्त. शोधमोहिमेत अंगणभर धावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

पाय लांबच का धावतात

मूल दिसत नाही म्हटल्यावर आपलं मन लगेच रस्त्यावर जातं. कुणीतरी नेलं असेल, एसटी स्टँड बघा, स्टेशनवर माणूस पाठवा. ही भीती निराधार नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर स्पष्ट सांगितलं की हरवलेल्या मुलाची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवायची, आणि तपासात वेगळं दिसेपर्यंत अपहरण किंवा तस्करी असं गृहीत धरायचं. त्याआधी नुसती ‘मिसिंग’ दाखल करून वाट बघायला सांगण्याची रीत होती आणि त्यात कित्येक मुलं कायमची गेली. त्यामुळे या आदेशाबद्दल तक्रार नाही. पण बाहेरचा तपास आणि घराच्या आतला शोध एकाच वेळी चालले पाहिजेत, आणि आतला शोध आधी सुरू व्हायला पाहिजे, कारण तिथे घड्याळ मिनिटांचं असतं. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, तर चार-सहा मिनिटांत कायमची इजा सुरू होते.

दुसरं कारण मुलांच्या वागण्यात आहे. शोध आणि बचावाचं काम करणाऱ्यांचा अनुभव असा की एक ते तीन वर्षांच्या मुलाला आपण हरवलोय हे कळतच नाही. ते वाट शोधत नाही, हाक दिली तर ओ देईलच असं नाही. एखाद्या अडचणीच्या जागी शिरतं आणि तिथेच झोपून जातं. थोडं मोठं मूल मांजराच्या, कोंबडीच्या, चेंडूच्या मागे जातं. चेंडू उतारावर घरंगळतो, आणि टाकी बहुधा उताराच्याच बाजूला असते. स्वमग्न मुलांना तर पाण्याची विलक्षण ओढ असते. अमेरिकेतली हरवलेल्या मुलांसाठी काम करणारी राष्ट्रीय संस्था अशा मुलांच्या बाबतीत जवळपासचं पाणी सगळ्यात आधी बघायला सांगते.

पोहण्याचे तलाव घरोघरी असणाऱ्या त्या देशात पालकांना एक नियम पढवला जातो, की मूल दिसत नसेल तर आधी तलाव बघा, खोल्या नंतर. आपल्याकडे विहीर, हौद, शेततळं यांच्याबद्दल ही समज आहे, आजी-आजोबा आधी विहिरीवरच धावतात. सेप्टिक टँक मात्र पाण्याच्या हिशेबात धरला जात नाही, कारण पाणी दिसत नाही आणि जागा ओंगळ.

काही वेळा उत्तर कॅमेऱ्यातून मिळतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये अलाबामातल्या ऑबर्न शहरात एका आइस्क्रीमच्या दुकानाबाहेर खेळणारी तीन वर्षांची मुलगी क्षणात दिसेनाशी झाली. दुकानाचं चित्रीकरण पाहिल्यावर कळलं की ती जमिनीखालच्या, स्वयंपाकघराचं तेलकट पाणी साठवणाऱ्या टाकीत पडली होती. झाकण पक्कं नव्हतं. पुढच्याच वर्षी राज्याने तिच्या नावाने कायदा केला आणि अशा टाक्यांची झाकणं पक्की बंद ठेवणं बंधनकारक झालं. मुंबईत जुलै २०१९ मध्ये गोरेगाव पूर्वेला रात्री घराबाहेर आलेलं एक लहान मूल उघड्या गटारात पडलं, तेही सीसीटीव्हीनेच दाखवलं. तिथे वाहतं पाणी होतं आणि मोठ्या शोधानंतरही मूल हाती लागलं नाही. दक्षिण आफ्रिकेत जानेवारी २०१४ मध्ये लिम्पोपो प्रांतात शाळेच्या खड्ड्याच्या संडासात पडून पाच वर्षांचा मुलगा दगावला. मार्च २०१८ मध्ये ईस्टर्न केप प्रांतात पाच वर्षांची मुलगी शाळेतून घरी आली नाही, शोधाशोध झाली आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेच्याच संडासाच्या खड्ड्यात मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांना शाळांमधले असे संडास हटवण्याची मोहीम जाहीर करावी लागली.

चौकट : मूल दिसत नाही, पहिली काही मिनिटं

एकाने ११२ वर फोन लावायचा. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८. चोवीस तास थांबायचा नियम कुठेही नाही.

दुसऱ्याने आधी पाणी बघायचं. विहीर, हौद, पिंप, बादल्या, जमिनीखालची पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, शोषखड्डा, शेजारच्या बांधकामावरचे खड्डे.

तिसऱ्याने घर. पलंगाखाली, कपाटात, धुण्याच्या ढिगात, वॉशिंग मशीनमध्ये, बंद गाडीत आणि तिच्या डिकीत.

टाकीचं झाकण उघडलं तर काडी पेटवू नका, वाकून तोंड आत घालू नका, आणि काहीही दिसलं तरी आत उतरू नका. अग्निशमन दलाचा क्रमांक १०१.

टाकी ‘पाहिली’ म्हणजे काय केलं

शोधमोहिमेत सगळ्यात घातक शब्द म्हणजे ‘बघितलं’. एकाने येऊन सांगितलं, टाकी बघितली, की ती यादीतून गेली. दुसरा कुणी तिकडे फिरकत नाही. म्हणून नेमकं काय बघितलं, हे विचारायला हवं.

मोठ्या टाकीला आतून आडवी भिंत घालून दोन कप्पे करतात, पहिला मोठा, दुसरा लहान. प्रत्येक कप्प्याला वेगळं झाकण असतं. एक झाकण उघडून डोकावणाऱ्याने अर्धीच टाकी पाहिलेली असते. त्यापुढे शोषखड्डा असतो, त्याचं झाकण वेगळं. जुन्या घरात नवी टाकी बांधल्यावर जुनी न बुजवता तशीच सोडलेली असते, आणि तिची माहिती घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसालाच असते. त्याला विचारायचं कुणाला सुचत नाही.

लांब बांबूने हलक्या हाताने चाचपता येतं, काठीच्या टोकाला लावलेला छोटा कॅमेरा पाण्याच्या वरची जागा दाखवतो. पण थराखाली काय आहे, याची खात्री टाकी उपसल्याशिवाय होत नाही. मैला उपसणारा टँकर बोलवायचा तो पोलिसांच्या समक्ष आणि पाइप सावकाश सोडायला सांगून. श्वानपथकावर सगळा भार टाकू नये. झाकण घट्ट असेल तर टाकीतली हवा जमिनीलगत बाहेर येत नाही, ती वायू जाण्याच्या पाइपातून छपराच्या उंचीवर सुटते आणि वाऱ्याबरोबर भलतीकडे जाते. कुत्रा टाकीजवळ थांबला नाही म्हणून टाकी रिकामी ठरत नाही.

आणि उतरायचं नाही, हे पुन्हा सांगतो. मूल आत आहे म्हटल्यावर बाप उडी मारणारच, त्याला दोष कोण देईल? पण त्याच्यामागे काका, त्याच्यामागे शेजारी, असे एकामागून एक जातात आणि सगळेच तिथे राहतात. टाकी साफ करताना आपल्याकडे हेच वारंवार घडलं आहे. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, तो याच वायूंमुळे. बाहेर राहून दोर, हूक लावलेला बांबू, सगळी झाकणं उघडून हवा खेळती करणं, एवढंच करता येतं. उतरायचं ते हवेचं नळकांडं पाठीवर घेतलेल्या जवानाने.

तपासाची दुसरी बाजू

मूल टाकीत मिळालं की पोलिसांपुढे पहिला प्रश्न झाकणाचा असतो, आणि गडबडीत नेमका तोच पुरावा पुसला जातो. झाकण कुणी उचललं, ते तेव्हा कसं बसलेलं होतं, कुठली कड सरकलेली होती, हे उघडण्याआधी मोबाइलवर टिपून ठेवलं तर पुढे त्याला फार मोल येतं. झाकण सरकलेलं किंवा कलंडू शकणारं असेल, तर अपघात पटतो. तीस किलोचं झाकण चारही बाजूंनी सिमेंटने बसवलेलं असेल आणि तरी मूल आत असेल, तर ते कुणा मोठ्या माणसाने उघडलं आणि बंद केलं, याला दुसरा अर्थ नाही. जुन्या टाकीवर ताजं सिमेंट दिसलं तर अनुभवी हवालदारही थांबून चौकशी करतो. टाकीची जागा ठाऊक असणारी माणसं मोजकीच असतात आणि ती बहुतेक घरातली, शेजारची, नाहीतर काम केलेली.

म्हणून आधी अकस्मात मृत्यूची नोंद झाली तरी पंचनामा आणि शवविच्छेदन नीट व्हायला लागतं. अपघातच असेल, तरी निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं १०६ वं कलम आहे. बांधकामावर टाकी खणून उघडी टाकणाऱ्या ठेकेदाराला ते लागू शकतं. पावसाळ्यात असे खड्डे काठोकाठ भरतात आणि गढूळ पाण्याचं साधं डबकं वाटतात. माझ्या मते वापरात असलेल्या टाकीपेक्षा हे अर्धवट खड्डे जास्त भयंकर, कारण त्यांना झाकण नसतंच.

जाळी

उपाय स्वस्त आहे, हे सगळ्यात चीड आणणारं. ऑगस्ट २०१७ च्या मुंबईतल्या पुरात उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा जीव गेला. त्यानंतर महापालिकेने मॅनहोलच्या झाकणाखाली जाळ्या बसवायला घेतल्या. झाकण गेलं तरी पाणी खाली जावं आणि माणूस वर अडकावा, एवढंच त्या जाळीचं काम. सेप्टिक टँकच्या तोंडात, झाकणाच्या खाली, अशी जाळी गावातला कुठलाही वेल्डर करून देईल. लोखंड तिथल्या वायूने गंजतं, म्हणून स्टेनलेस स्टीलची घ्यावी आणि दोन सळ्यांमध्ये साडेतीन इंचांपेक्षा कमी अंतर ठेवायला सांगावं. उपसण्याचा पाइप घालायला ती बिजागरीवर उघडणारी हवी, कुलूप लागणारी.

साताऱ्यातल्या वाईने आणि नाशिकच्या सिन्नरने काही वर्षांपूर्वी ठरावीक चक्राने घरोघरच्या टाक्या उपसायला सुरुवात केली. हेतू अर्थातच स्वच्छतेचा. पण प्रत्येक टाकी कुठे आहे आणि झाकण उघडतं का, हे अशा वेळी आपसूकच नजरेखालून जातं. ही माहिती नगरपालिकेने पोलिस ठाण्यालाही दिली, तर मूल हरवल्याच्या दिवशी कुणाला अंगणात पहार घेऊन ठोकत फिरावं लागणार नाही.

मात्र टाकी सगळ्यात धोक्याची असते ती उपसल्याच्या दिवशीच. झाकण उचकटलेलं असतं, जुनं सिमेंट सुटलेलं असतं, टँकर पैसे घेऊन निघून जातो आणि गवंडी म्हणतो, ‘उद्या येतो.’ पैसे देण्याआधी झाकण जागेवर नीट बसवून घ्यावं. गवंडी येईपर्यंत त्यावर वाळूची दोन भरलेली पोती आडवी टाकावीत, आणि घरातल्या प्रत्येक मुलाला ती का टाकली आहेत ते जागेवर नेऊन सांगावं.